गुरुवारची सहल, रविवारचा खर्च

पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यात आठवडा सगळ्यांना सारखा वाटून मिळत नाही. पिंपरी-भोसरीतल्या बऱ्याच कारखान्यांना सुट्टी गुरुवारी, शाळांना रविवारी आणि हिंजवडीच्या आयटीवाल्यांना शनिवार-रविवार दोन्ही. एकाच घरात हे तिन्ही प्रकार नांदत असले की ‘कुठे जायचं’ हा प्रश्न मागे पडतो आणि ‘कधी जायचं’ यावरून वाद सुरू होतो.

मारुंजीतल्या ज्या घरातला हा वाद, तिथे थोरला भाऊ भोसरीच्या एका कारखान्यात शिफ्टला जातो. धाकटा हिंजवडीला सॉफ्टवेअरमध्ये. थोरल्याची बायको घरी शिकवण्या घेते. मुलगी सहावीत, मुलगा दुसरीत, आणि सासूबाईंनी नुकतीच पंचाहत्तरी ओलांडलेली. घरखर्चातून महिन्याला हजार रुपये फिरण्यासाठी बाजूला पडतात, म्हणजे वर्षाचे बारा हजार. ते कसे खर्चावेत यावर वहिनी आणि भाऊजी यांची मतं दोन टोकांची आहेत.

“वहिनी, बारा ठिकाणी हजार-हजार उडवण्यापेक्षा एकच दणदणीत दिवस करू,” भाऊजींनी सुरुवात केली. “खोपोलीजवळचं इमॅजिका, नाहीतर एखादं वॉटर पार्क. सकाळी जायचं, रात्री यायचं. मुलांना वर्षभर पुरेल.”

“बारा हजार पुरतील का?”

“तिकिटं, जेवण, पेट्रोल, टोल... बसेल कसंबसं.”

“आणि उरलेलं वर्ष? पोरांना मोबाईलमधले फोटो दाखवायचे?”

वहिनींच्या हातात कालनिर्णय होतं. जयंतराव साळगावकरांनी १९७३ साली सुरू केलेली ही दिनदर्शिका मराठी घरात दुधाचा हिशेब, गॅसची तारीख आणि कामवालीचे खाडे यांसाठी वापरली जाते. वहिनींनी तिच्यावर वर्षभरातले असे गुरुवार शोधून ठेवले होते, ज्या दिवशी शाळेलाही सुट्टी आहे. उन्हाळ्यात सहा-सात, दिवाळीच्या सुट्टीत दोन-तीन, शिवाय एखादा सण गुरुवारी आला तर तो. या चौकटींना त्यांनी पेन्सिलीने गोल केला होता.

भाऊजींना हे गोल मान्य नव्हते. त्यांचं म्हणणं साधं होतं. दादाचा गुरुवार, त्यांचा रविवार. गुरुवारी गेलं तर ते स्वतः वगळले जातात. यात स्वार्थ होता हे खरं, पण तक्रार खोटी नव्हती.

घरचा वाद कुठल्या बाजूला झुकेल हे बरंचसं गाव ठरवतं. मारुंजी मुळशी तालुक्यात. लक्ष्मी चौकातून आत वळलं की एका हाताला उंच इमारती, दुसऱ्या हाताला शिल्लक राहिलेली शेतं. हिंजवडी, माण, मारुंजी, नेरे, जांबे, सांगवडे आणि गहुंजे ही सात गावं पिंपरी-चिंचवड महापालिकेत घेण्याचा प्रस्ताव वर्षानुवर्षं चर्चेत राहिला. लोकवस्ती शहराची आणि कारभार ग्रामपंचायतीचा, अशा ठिकाणी संध्याकाळी मुलांना घेऊन जावं अशी पालिकेची बाग कुठून असणार? ती बघायला निगडीला जायचं: भक्ती-शक्ती उद्यानात, जिथे तुकोबा आणि शिवराय यांच्या भेटीचं शिल्प आहे, किंवा दुर्गादेवी टेकडीवर. म्हणजे फुकटच्या बागेलाही आधी दहा-पंधरा किलोमीटर.

“म्हणूनच तर म्हणतो,” भाऊजी म्हणाले, “फुकटचं आपल्याला महाग पडतं. रविवारी संध्याकाळी वाकड पुलावर तासभर अडकून बागेत जायचं आणि शेंगदाणे खाऊन परत यायचं. त्या तासाचा हिशेब तुमच्या वहीत आहे का?”

“रविवारी कोण चाललंय?” वहिनी म्हणाल्या. “अडचण बागेची नाही भाऊजी, रविवारची आहे.”

मग त्यांनी एका गुरुवारचा हिशेब मांडला. मारुंजीहून आकुर्डी स्टेशन दहा-बारा किलोमीटर. तिथपर्यंत रिक्षा. पुणे-लोणावळा लोकल १९७८ पासून धावते आणि पुण्याहून थेट लोणावळ्याचं तिकीटही पंधरा रुपयांच्या घरात. आकुर्डीहून मळवली त्याहून कमी. मळवलीला उतरून भाजे गाव चालत अर्ध्या-पाऊण तासावर. लेण्यांचं पुरातत्त्व खात्याचं तिकीट मोठ्यांना पंचवीस रुपये, पंधरा वर्षांखालच्या मुलांना काही नाही. डबा घरचा. “दिवसभरात सगळ्यात जास्त पैसे कशाला लागले सांगा? आकुर्डीपर्यंतच्या रिक्षेला.”

हिशेब ऐकून भाऊजी हसले, पण खोडून काढता येईना. भाजे लेण्यांची सुरुवात इसवी सन पूर्व दुसऱ्या शतकातली. एकूण बावीस लेणी, एका रांगेत स्तूप, आणि एका विहाराच्या भिंतीवर तबल्यासारखं वाद्य वाजवणारी बाई कोरलेली. ती बाई दाखवली की सहावीतल्या मुलीला इतिहासाच्या पुस्तकातला अख्खा धडा नव्याने सांगावा लागत नाही. रेल्वे आणि महामार्गाच्या पलीकडे कार्ले: भारतातलं सगळ्यात मोठं कोरीव चैत्यगृह, छताला दोन हजार वर्षांपूर्वीच्या सागवानी फासळ्या, आणि दारातच एकवीरा आईचं देऊळ. रविवारी तिथे दर्शनाच्या रांगेत तास मोडतात. आडवारी गेलं की मुलांना चैत्यगृहात उभं राहून आवाज कसा घुमतो हे ऐकता येतं.

“आईला त्या पायऱ्या झेपतील?” भाऊजींनी विचारलं.

वहिनी थांबल्या. सासूबाईंना गेल्या वर्षापासून गुडघ्याचा त्रास.

“आणि स्वच्छतागृह?” भाऊजींनी पुढचा बाण सोडला. “वॉटर पार्कला नावं ठेवता, पण तिथे दर पन्नास पावलांवर स्वच्छ संडास असतो. प्यायचं पाणी असतं. प्रथमोपचार असतो. तिकिटात हे सगळं धरलेलं असतं. तुमच्या पंचवीस रुपयांत काय धरलंय?”

स्वस्त सहलीची वर्णनं लिहिणारे हा मुद्दा सहसा गिळून टाकतात. घरातल्या म्हाताऱ्या माणसाने सकाळपासून पाणी पिणं टाळायचं, बायकांनी संध्याकाळपर्यंत कळ काढायची आणि मग आपण सगळ्यांनी म्हणायचं की सहल दोनशे रुपयांत झाली! तो हिशेब पुरुषांनी आणि तरुणांनी केलेला असतो. वहिनींना हे भाऊजींपेक्षा जास्त ठाऊक होतं. म्हणूनच त्यांनी वाद घातला नाही. पेन्सिल उचलली आणि भाज्याच्या चौकटीत ‘आई घरी’ असं न लिहिता ‘आई: शिरगाव’ असं लिहिलं. आकुर्डी-मळवलीच्या वाटेवरच सोमाटणे फाट्याजवळ शिरगावचं साईमंदिर, ज्याला सगळे प्रतिशिर्डी म्हणतात. जवळच डोंगरावर बिर्ला गणपतीची मूर्ती, चौथऱ्यासह बहात्तर फूट उंच. मंदिरात बसायला सावली, पाणी, सगळी सोय. लेण्यांचा दिवस वेगळा, आईंचा दिवस वेगळा, असं त्यांनी ठरवलं. प्रत्येक सहलीत सहाच्या सहा माणसं असलीच पाहिजेत हा हट्ट सोडला तर खर्च अर्ध्यावर येतो. भाऊजींच्या तक्रारीलाही तेच उत्तर होतं.

“म्हणजे मला वगळण्याची सोय लावलीत,” भाऊजी म्हणाले.

“तुम्हाला नाही, तुमच्या गाडीला.”

गाडीचा मुद्दा पैशाच्या दृष्टीने सगळ्यात मोठा, आणि इथे भाऊजींची बाजू दिसते त्यापेक्षा दुबळी होती. पेट्रोल लिटरला शंभराच्या पुढे. पार्किंग, टोल, आणि गाडी आहे म्हणून वाटेत चार ठिकाणी थांबून केलेला खर्च. दुसरीकडे एसटी. १ जून १९४८ ला पहिली बस पुण्याहून अहमदनगरला गेली, आणि आजही राज्यातल्या मोठ्या कुटुंबासाठी तिच्याइतकी सवलत कुणीच देत नाही. २५ जानेवारी २०२५ पासून भाडं १४.९५ टक्क्यांनी वाढलं, तरीही. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट. पंचाहत्तरीपुढच्या ज्येष्ठांना ऑगस्ट २०२२ पासून प्रवास मोफत. पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धं.

“तुमच्या दादाचं एक,” वहिनी बोटांवर मोजत म्हणाल्या, “माझं अर्धं, दोघांची मिळून एक, आईंचं काहीच नाही. पाच माणसं, अडीच तिकिटं.”

“बस वाकडेवाडीहून सुटते. तिथपर्यंत कसं जाणार?”

“पीएमपीने.”

“दीड तास.”

“गुरुवारी सकाळी सहाला तितका लागत नाही.”

पीएमपीचं भाडंही १ जून २०२५ ला वाढलं. आता पहिल्या पाच किलोमीटरला दहा रुपये, दहा किलोमीटरपर्यंत वीस, असे टप्पे. दोन्ही महापालिकांच्या हद्दीत दिवसभर फिरायचा पास चाळीसचा सत्तर झाला. पण मारुंजी हद्दीबाहेर. इथल्या माणसाला सगळ्या मार्गांचा दीडशेचा पास काढावा लागतो, आणि एकदा जाऊन एकदा यायचं असेल तर साधी तिकिटं काढणंच परवडतं. शनिवार-रविवारी पीएमपी माणशी पाचशे रुपयांत वातानुकूलित पर्यटन बसही सोडते. एकट्यादुकट्याला किंवा पाहुण्याला ती बरी. पाच जणांना अडीच हजार म्हणजे वहिनींच्या अडीच महिन्यांचे पैसे. त्यावर दोघांनीही फार वेळ घालवला नाही.

मेट्रोचा विषय निघाला तेव्हा मात्र भाऊजींचा चेहरा उजळला. हिंजवडी-शिवाजीनगर मार्ग सुमारे तेवीस किलोमीटरचा. त्याचं भूमिपूजन डिसेंबर २०१८ मध्ये झालं, तेव्हा सहावीतली मुलगी बालवाडीतही गेलेली नव्हती. “मेट्रोने आपलं सगळं गणित बदलेल,” भाऊजी म्हणाले. वहिनींनी नियोजन मात्र पिंपरीहून निघणाऱ्या मार्गिकेवर केलं. सप्टेंबर २०२४ पासून ती थेट स्वारगेटपर्यंत जाते. मुलांसाठी जमिनीखालच्या स्टेशनात सरकत्या जिन्याने उतरणं हीच अर्धी सहल. वर कसबा पेठेत बाहेर पडलं की शनिवारवाडा हाकेच्या अंतरावर. तिथलं तिकीटही पंचवीसचंच.

आता पावसाळा. इथे बोलणं थट्टेवरून उतरलं.

मावळ-मुळशीत पहिला पाऊस पडला की पुण्या-मुंबईचं अर्धं जग धबधब्यांकडे निघतं, आणि धबधब्याला तिकीट नसतं. स्वस्त सहलींच्या कुठल्याही यादीत तो पहिला असतो. भाऊजींनी दोन तारखा सांगितल्या. ३० जून २०२४: लोणावळ्यात भुशी धरणाजवळच्या धबधब्यात पुण्याहून आलेल्या एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. १५ जून २०२५: तळेगावजवळ कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल माणसांच्या गर्दीने कोसळला आणि चार जणांचा जीव गेला.

“दोन्ही रविवार होते,” वहिनी म्हणाल्या.

“वार कुठलाही असो. तिथे जीवरक्षक नव्हता, कठडा नव्हता, मोजून माणसं सोडणारं कुणी नव्हतं. तिकीट म्हणजे नुसती कमाई नसते वहिनी. आत किती माणसं घ्यायची याला त्याने मर्यादा पडते.”

वहिनींचं ‘दोन्ही रविवार होते’ हेही खोटं नाही. कुंडमळ्याच्या पुलावर एकाच वेळी इतकी माणसं आडवारी चढली नसती. पण भुशीला पाण्याचा लोंढा वरून आला, त्याने वार विचारला नव्हता. या मुद्द्यावर भाऊजी जिंकले आणि ते योग्यच झालं. जून ते ऑगस्ट या तीन महिन्यांच्या पानांवरून वहिनींनी धबधबा, धरण, नदीकाठ अशी जागा दाखवणारं सगळं खोडलं. कासारसाईचं धरण घरापासून जवळ, आणि पावसाळ्यात तिकडे जायला मन ओढतं, तरी तेही खोडलं. त्याऐवजी काय?

“आषाढी,” आतून सासूबाईंचा आवाज आला.

तुकोबांची पालखी देहूहून निघते, पहिला मुक्काम देहूतच इनामदार वाड्यात, दुसरा आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात. म्हणजे वारी मारुंजीपासून दहा-बारा किलोमीटरवर येते. पंढरपूरला जाऊ न शकणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला आकुर्डीत रस्त्याच्या कडेला खुर्ची टाकून बसलं की दिंड्यांमागून दिंड्या बघायला मिळतात. तिकीट नाही, आणि पालिका पाणी, वैद्यकीय मदत, फिरती स्वच्छतागृहं यांची व्यवस्था करते. भाऊजींनी मागितलेल्या सगळ्या सोयी तिथे होत्या.

तसाच दुसरा दिवस चैत्रातला. हिंजवडी-वाकडच्या म्हातोबाचं बगाड चैत्र पौर्णिमेला निघतं. बगाडाचं लाकूड मुळशीतल्या बारपे गावच्या जंगलातून आणतात. ते आणणारे शेलेकरी, आणि बगाडावर चढणारा तो गळकरी. काचेच्या इमारतींच्या सावलीतून हे बगाड हिंजवडीहून वाकडला जातं, त्या दिवशी रस्त्यांची वाहतूक वळवलेली असते आणि ऑफिसच्या बसगाड्या खोळंबतात. भाऊजी इतकी वर्षं त्या खोळंब्यात बसले होते. बगाड मात्र एकदाही पाहिलेलं नव्हतं.

“त्या दिवशी घरून काम करा,” वहिनी म्हणाल्या. “मारुंजीहून चालत जाता येतं. रिक्षेचेसुद्धा पैसे नकोत.”

पण मुलांना काय हवं, हे दोघांपैकी कुणीच अजून विचारलं नव्हतं. ते भाऊजींनीच काढलं. “वर्गात सगळी पोरं वॉटर पार्कचं सांगतात. आपल्या पोरीने काय सांगायचं, की आम्ही लेण्यातल्या बाईचा तबला पाहिला?”

हा वहिनींच्या वर्मी बसलेला घाव होता. मुलगी अकरा वर्षांची. या वयात शाळेतल्या मैत्रिणींशी होणारी तुलना आईच्या वहीत बसत नाही. दर वेळी ‘आपल्याला परवडत नाही’ हे ऐकत वाढणाऱ्या मुलाला पैशाची किंमत कळते की फक्त कमीपणा कळतो, हा प्रश्न वहिनींनाही पडला असणार, कारण त्यांनी लगेच उत्तर दिलं नाही.

“काहीतरी मोठं असलं पाहिजे,” त्या शेवटी म्हणाल्या. “पण बारा हजारांचं नाही.”

भाऊजींनी इथे, बहुधा पहिल्यांदाच, वहिनींच्या पद्धतीने विचार केला. भायखळ्याचा राणीचा बाग, म्हणजे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. तिथे पेंग्विन आहेत, वाघ आहेत, आणि आई-वडील व दोन मुलं अशा चौघांना मिळून शंभर रुपयांचं तिकीट. चिंचवडला सकाळी सिंहगड एक्सप्रेस थांबते. मुंबईला जाणं, लोकलने फिरणं आणि पेंग्विन बघणं हे वर्गात सांगण्याइतकं मोठं नक्कीच आहे.

“बुधवारी बंद असतो,” वहिनींनी लगेच पाहिलं. “गुरुवारी चालू.”

“तुमचा गुरुवारच जिंकतो प्रत्येक वेळी.”

कात्रजचं राजीव गांधी प्राणिसंग्रहालयही बुधवारीच बंद. गुरुवार असा या ठिकाणांच्या सुट्टीतून निसटलेला वार आहे. भोसरीच्या कामगारांच्या कुटुंबांनी तो इतकी वर्षं कारखान्याच्या सोयीचा म्हणून सोसला, आणि बहुतेकांनी त्याचा उपयोग झोप आणि किराणा यांतच संपवला. शाळा मध्ये येते, हे त्याचं मुख्य कारण. म्हणून शाळेच्या सुट्टीतले गुरुवार असे मोजून वेचावे लागतात, आणि ते वेचणं हेच वहिनींच्या नियोजनाचं मर्म. जागा तर सगळ्यांनाच माहीत असतात.

भाऊजींच्या रविवारांनाही काही मिळालं. गहुंज्याचं महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनचं मैदान २०१२ पासून आहे आणि मारुंजीपासून फार लांब नाही. आयपीएलची तिकिटं सामान्य घराच्या आवाक्याबाहेर जातात, पण हिवाळ्यात तिथे रणजी सामने होतात तेव्हा प्रवेश बहुधा मोफत, आणि गर्दी इतकी कमी की सीमारेषेवरच्या क्षेत्ररक्षकाचं बोलणं ऐकू यावं. मुलाला ऋतुराज गायकवाडचं वेड. तो याच शहरातला, सांगवीचा, थेरगावच्या वेंगसरकर अकादमीत घडलेला. वहिनींना क्रिकेटमध्ये रस नाही, म्हणून त्या या दिवशी घरी थांबणार होत्या. भाऊजी, पुतण्या, दोन डबे. खर्च पेट्रोलचा.

महापालिकेच्या पवनाथडी जत्रेलाही प्रवेशशुल्क नसतं, पण तिथे बचत गटांच्या गाळ्यांवर मांडे, मासवडी आणि खरवस असतो. वहिनींनी त्या दिवसासमोर आकडा लिहायचं टाळलं. पोटाचा अंदाज आधी करता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. डिसेंबरात फर्ग्युसनच्या मैदानावरचा पुणे पुस्तक महोत्सव २०२३ पासून भरतो, तिथेही आत जायला पैसे लागत नाहीत. बाहेर येताना लागतात.

फेब्रुवारीत २८ तारीख. सी. व्ही. रामन यांच्या शोधाचा राष्ट्रीय विज्ञान दिन. त्या दिवशी पुणे विद्यापीठाच्या आवारातल्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेची दारं सर्वांसाठी उघडतात, आणि नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या दुर्बिणीच्या केंद्रात मोठं विज्ञान प्रदर्शन भरतं. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस अँटेना, पंचवीस किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या. गोविंद स्वरूप यांनी उभारलेली ही दुर्बीण जगभरच्या शास्त्रज्ञांना माहीत आहे. आपल्याच जिल्ह्यात ती आहे हे मारुंजीतल्या किती घरांना ठाऊक असेल, शंकाच आहे. जवळ गावं, द्राक्षबागा आणि मध्येच आभाळाकडे तोंड करून उभी ती प्रचंड तबकं. मुलगी मैत्रिणींना सांगायला लागली तर हेही काही कमी नाही, असं भाऊजींनीच कबूल केलं. २०२७ मध्ये २८ फेब्रुवारी रविवारी येते, हे त्यांनी मोबाईलवर पाहून विजयी स्वरात सांगितलं.

उन्हाळ्याबद्दल फारसं बोलणं झालं नाही. मे महिन्यात दुपारी मारुंजीहून कुठेही निघणं मूर्खपणाचं, यावर एकमत होतं. चिंचवडच्या ऑटो क्लस्टरजवळचं सायन्स पार्क आणि तारांगण, छपराखालचं आणि मुलांना धरून ठेवणारं. दुपार तिथे, संध्याकाळी मोरया गोसावींच्या समाधी मंदिराजवळ पवनेच्या काठी, जाताना चापेकर वाड्यावरून. बास.

दिवाळीच्या सुट्टीतला मोठा गुरुवार मात्र शिवनेरीसाठी राखून ठेवलेला. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यांतले लोहगड आणि शिवनेरी इथून एका दिवसात होण्यासारखे. पोरांनी इमारतीखाली मातीचा किल्ला करायचा आणि त्याच आठवड्यात खरा बघायचा, असा वहिनींचा बेत. वाटेत चाकणचा संग्रामदुर्गही येतो. १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळ्यांनी शाहिस्तेखानाच्या प्रचंड फौजेसमोर तो सुमारे दोन महिने लढवला. आज त्याच्या अवतीभोवती कारखान्यांचं शहर. तिथे कुणी तिकीट विचारत नाही, आणि फारसं कुणी जातही नाही.

“आईंना गडावर नेणार?” भाऊजी.

“आई जुन्नरला माझ्या मावशीकडे बसतील. तिकीट तर फुकट आहेच.”

वर्ष असं भरत आलं तेव्हा थोरला भाऊ शिफ्टवरून आला. त्याने कालनिर्णयावरचे गोल पाहिले, पालखीच्या दिवसावर बोट ठेवलं आणि म्हणाला की त्या दिवशी गुरुवार नाही. तिथी वाराप्रमाणे कशी चालणार? सासूबाई दारात येऊन उभ्या होत्या. त्यांना आकुर्डीला न्यायचं तर गर्दीत सोबत धडधाकट माणूस हवा. भाऊजींनी रजा टाकायची तयारी दाखवली, पण सासूबाईंनी थोरल्याकडेच पाहिलं.

“सुट्टी बदलून घेतो कुणाशी तरी,” तो म्हणाला. “लाइनवरचा एक जण तयार होईल. पण तो बदल्यात दिवाळीतला गुरुवार मागणार. त्याला गावी जायचंय.”

वहिनींनी नोव्हेंबरचं पान उलटलं. शिवनेरीचा गोल तिथेच होता. त्यांनी खोडरबर शोधलं.

“मग शिवनेरी रविवारी?” भाऊजींनी जपून विचारलं.

“रविवारी,” वहिनी म्हणाल्या. “पण एसटीने. तुमचं पूर्ण तिकीट.”